पेटी उघडण्याआधी सा

आमच्या भजनी मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ काकू गजर सुरू करताना पेटीकडे बघत नाहीत. डोळे मिटतात, टाळ एकदा वाजवतात आणि थेट सूर लावतात. कधी काळी चार, कधी पांढरी पाच, थंडीत घसा धरला असेल तर पांढरी चार. ही पेटीच्या पट्ट्यांची नावं, रंग आणि सप्तकात त्या रंगातला क्रमांक. तो सूर कुठला हे ओळखून बोट ठेवायला मला ध्रुवपदाची एक ओळ मिळते. दुसऱ्या ओळीलाही मी चुकीच्या पट्टीत असले तर मागच्या बायका दोन सुरांत फाटतात. काही काकूंच्या मागे जातात, काही पेटीच्या. पहिल्या दोन वर्षांत हे अनेकदा झालं आणि दर वेळी मी रात्री झोपले नाही.

मी मिरजेत राहते. पेटीला हात लावला तेव्हा मी 41 वर्षांची होते, आज 57. संसार-नोकरी सांभाळून गाणारे-वाजवणारे, ज्यांना कधीतरी कुणी ‘तुला कान नाही’ असं ऐकवलं आणि ज्यांनी ते खरं मानलं, अशा लोकांसाठी हे लिहिते आहे. कान तयार होतो. माझा झाला, तो कसा ते सांगते.

परफेक्ट पिच नसलं तरी

माझ्या जावेच्या मुलाला ज्याला परफेक्ट पिच म्हणतात ते आहे. चौथ्या वर्षापासून तो कीबोर्ड शिकला. मिक्सर सुरू केला की तो कुठल्या पट्टीत घुमतो हे स्वयंपाकघराबाहेरून सांगतो, रिक्षाचा हॉर्न ऐकून दोन सूर वेगळे करून सांगतो. त्याला तुलनेला दुसरा सूर लागत नाही. आपल्याला लाल रंग लाल म्हणून दिसतो, तसा त्याला काळी दोन म्हणजे काळी दोनच ऐकू येते. ही देणगी बहुतेकांच्या बाबतीत लहानपणीच रुजते. जपानमध्ये अयाको साकाकिबारा या संशोधिकेने 2 ते 6 वर्षांच्या 24 मुलांना रोज ठरावीक स्वरसमूह ओळखायला शिकवलं. शिकवणी पूर्ण करणाऱ्या 22 मुलांना ते साधलं. हा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे घरात लहान मूल असेल तर जरूर खेळ मांडा. चाळिशीत आपण त्याच्या मागे लागून वर्षं घालवू नयेत, असं माझं मत आहे.

आणि आपल्या गाण्याला ते लागतही नाही. एकदा मी काळी एकला सा धरून त्याला रे वाजवून दाखवला आणि विचारलं, हा कोण? तो म्हणाला, “काकू, ही काळी दोन.” मी म्हटलं, ते बरोबर आहे, पण हा इथे रे आहे. मग सा पांढरी पाचवर नेला आणि पुन्हा रे वाजवला. “ही पांढरी सहा.” दोन्ही रे एकच आहेत हे त्याला हिशेब करून कळत होतं, ऐकून नाही. कीबोर्डचं ट्रान्सपोजचं बटण दाबून वाजवायला सांगितलं तर त्याला अक्षरशः त्रास होतो, कारण बोट एक सूर दाबतं आणि कानाला दुसराच येतो. अशा अनेकांना पन्नाशीच्या आसपास सगळंच थोडं चढं ऐकू येऊ लागतं, तो आणखी वेगळा ताप.

आपला सा हलता आहे. गळा बघून तो ठरतो आणि बाकीचे अकरा स्वर त्याच्या नात्याने ओळखायचे असतात. नातं ओळखणारा कान, इंग्रजीत ज्याला रिलेटिव्ह पिच म्हणतात, तो कुठल्याही वयात घडतो.

पहिला महिना फक्त सा

आधी स्वतःची पट्टी नक्की करा. पेटीवर एकेक सूर खाली उतरत जा आणि जिथे आवाज नुसती हवा होऊ लागेल त्याच्या एक-दोन पट्ट्या वरचा सूर मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, धरा. त्यावरून सा मोजा आणि तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत, न ओरडता जाता येतं का ते बघा. बायकांचा सा साधारण पांढरी चार ते काळी पाच यांमध्ये कुठेतरी सापडतो, पुरुषांचा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास. माझी पट्टी काळी चार. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि सहा महिने बदलू नका. गाणी ऐकून ऐकून रोज वेगळ्या पट्टीत गायलात तर कानाला घर मिळत नाही.

आता तानपुरा. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात बसायला मिळालं हे माझं भाग्य. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. घोडीवर तार आणि दोरा यांची जागा केसभर सरकवून ते लोक जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, उघडतात, तेव्हा एका तारेतून किती सूर बाहेर पडतात ते तिथे ऐकलं. पण घरी खरा तानपुरा नसला तर फोनवरचा चालतो. मात्र फोनच्या इवल्याशा स्पीकरवर लावू नका, खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या साची तार त्यातून नीट येत नाही. हेडफोन किंवा बऱ्यापैकी स्पीकर वापरा. आणि पेटी जुनी असेल तर आधी फोनचा तानपुरा तिच्याशी जुळवून घ्या. फोन पांढरी सहा सेकंदाला 440 कंपनांना धरतो, आमची पेटी त्याहून थोडी चढी आहे. हे मला उशिरा कळलं, तोवर मी दोन घरांत राहत होते.

रोज सकाळी दहा मिनिटं, तानपुऱ्यावर नुसता सा. ‘आ’कारात नको, तोंड मिटून हुंकारात. सूर थोडा जरी बाजूला असला तरी कानात एक हेलकावा येतो, वँव-वँव-वँव. काळी चारचा सा सेकंदाला सुमारे 208 कंपनांचा असतो. तुम्ही 210 ला गात असाल तर सेकंदाला दोन हेलकावे येतील. जवळ आलात की हेलकावा लांबतो आणि मग एका क्षणी थांबतो. तेव्हा आपला आवाज तानपुऱ्यात नाहीसा झाल्यासारखा वाटतो. ती जागा शोधणं हेच महिनाभराचं काम. फोनवरच्या ट्यूनरचा काटा बघून गाऊ नका. गाऊन झाल्यावर खात्रीला बघा, नाहीतर डोळे शिकतात आणि कान तसाच राहतो.

महिना लांब वाटेल. माझा दीड महिना गेला. पण कणसूर, म्हणजे कणभर बाजूला गेलेला सूर, म्हणजे काय हे मला या दिवसांत पहिल्यांदा स्वतःच्या कानाने कळलं, कुणी सांगून नाही.

पंचम, मध्यम आणि गंधाराचं गुपित

साशी सर्वांत पटकन जुळतो तो पंचम. तानपुऱ्याची पहिली तार त्याचीच असते, त्यामुळे तो आयता कानावर पडत असतो. मग मध्यम. त्यासाठी तानपुऱ्याची पहिली तार मध्यमाला लावून बसा, मालकंस रागाला लावतात तशी.

गंधारापाशी मात्र थांबा. तानपुरा नीट जुळला की न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या तारेच्या पाचपट कंपनांचा तो अंश आहे. तो ऐका आणि मग पेटीचा गंधार वाजवा. पेटीचा चढा लागेल. एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे 100 भाग केले, तर पेटीचा शुद्ध गंधार सापासून 400 भागांवर बसतो आणि तानपुऱ्यातला सुमारे 386 वर. चौदा भागांचा फरक म्हणजे कणभर, पण कान तयार झाला की तो टोचतो. पंचमात असा फरक दोनच भागांचा आहे, मध्यमातही तेवढाच. म्हणून सा, म, प पेटीवर तपासले तरी चालतात, ग आणि ध तानपुऱ्यावरच लावा.

हे आमच्या भागातल्या लोकांना शंभर वर्षांपूर्वी टोचलं होतं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुती, म्हणजे स्वरांमधली बारीक अंतरं, मोजण्याचे प्रयोग केले, त्यासाठी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब गायले आणि त्यातून श्रुतींची वेगळी पेटी घडवण्याचा उद्योगही झाला. आकाशवाणीने तर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दारातच उभं केलं नव्हतं. मी पेटीवाली आहे, माझं तिच्यावर प्रेम आहे. पण पेटी साथीला घ्यावी, गुरू करू नये.

चिठ्ठ्यांचा खेळ

माझे यजमान संगीतातले नाहीत, तरी माझा कान त्यांनीच तयार करून घेतला. पेटीच्या पट्ट्यांवर पेन्सिलीने आकडे लिहिले, तेच आकडे चिठ्ठ्यांवर लिहून वाटीत टाकले. ते चिठ्ठी काढायचे, पट्टी दाबायचे, मी पेटीकडे पाठ फिरवून बसलेली असायचे. तानपुरा चालू. स्वराचं नाव सांगायचं, ते वहीत बरोबर-चूक लिहायचे.

सुरुवातीला वाटीत तीनच चिठ्ठ्या ठेवा, सा, ग, प. सलग वीस वेळा चूक झाली नाही की रे घाला. मग ध, मग म आणि नी. कोमल स्वर (एक पट्टी उतरलेले) आणि तीव्र मध्यम (एक पट्टी चढलेला) सर्वांत शेवटी, एकेक करून. घरी कुणी नसेल तर फोनवर स्वतःच वाजवून ठेवा, प्रत्येक सुरानंतर चार सेकंद मोकळे सोडून. आठवडाभराने ऐका, तोवर क्रम विसरलेला असतो.

वहीने मला एक गोष्ट दाखवली. माझ्या निम्म्या चुका म आणि प यांच्या अदलाबदलीच्या होत्या. कारण सोपं आहे. साकडून पंचम जितका दूर, तितकाच मध्यमापासून तार सा दूर. कान मध्यमालाच सा समजून बसतो. मी सुरुवातीला मनात सा-रे-ग-म मोजून चूक टाळायचे, पण भजनात मोजायला वेळ नसतो. उपाय वेगळा आहे, स्वराचा स्वभाव ओळखायचा. पंचम आला की तो उभा राहतो, त्याला कुठे जायचं नसतं. मध्यम गंधाराकडे कलतो. शुद्ध निषादाला वरच्या साची ओढ असते, कोमल रिषभाला खालच्या साची. चिठ्ठीतला स्वर ऐकल्यावर नाव सांगण्याआधी तो कुठे जायला बघतोय तिकडे गाऊन जा. घरी पोचलात की तो कुठून निघाला होता ते कळतं. तीनेक आठवड्यांत हे जाणं मनातल्या मनात व्हायला लागतं.

पाच काळ्या पट्ट्या

माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. पेटीच्या फक्त काळ्या पट्ट्या वापरा, पांढरीला स्पर्श नाही.

काळी तीनला सा धरून वर चढा. सा रे ग प ध, भूप राग झाला. आता त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी पाचवर. अंगावर काटा येतो, कारण तो मालकंस असतो. भूपाचा गंधार मालकंसाचा षड्ज झाला, पंचम कोमल गंधार झाला, धैवत मध्यम झाला. काळी एकला सा धरला तर दुर्गा. काळी दोनवर धानी. काळी चारवर मेघाचे स्वर, सा रे म प आणि कोमल नी. पाच पट्ट्या, पाच राग, आणि पेटीत एकही सूर बदललेला नाही. जुन्या संगीतशास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात.

नुसतं वाजवून हे होत नाही. दर वेळी तानपुरा त्या त्या साला लावा, पाच मिनिटं त्यात बसा आणि मगच पट्ट्यांना हात लावा. तानपुरा काळी तीनचाच ठेवून काळी पाचवरून सुरुवात केलीत तर भूपच ऐकू येत राहील, फक्त गंधारावरून उठणारा. तानपुरा बदलला की राग बदलतो. मी हे पहिल्यांदा केलं तो आषाढातला दिवस होता, बाहेर पाऊस, लाईट गेलेले, फोनवर तानपुरा. काळी तीनवरून काळी पाचवर गेले आणि तीच बोटं, तीच पट्टी, पण खोलीच बदलली. स्वराचं नाव पट्टीत नसतं हे तोवर पुस्तकातलं वाक्य होतं.

रोज दोन पट्ट्या घ्या. भूप आणि मालकंसाची जोडी आठवडाभर करा, मग भूप आणि दुर्गाची. ही दुसरी अवघड आहे, कारण दोन्हींत कोमल स्वर नाहीत आणि फरक ग आणि म एवढाच आहे. चिठ्ठ्यांच्या खेळात म-प चुकणाऱ्याने दुर्गा भरपूर वाजवावा.

समोरच्याची पट्टी धरणे

आता काकूंच्या गजराकडे येते. गाणं सुरू झाल्या झाल्या पेटीवर बोटं चाचपडू नका. सगळ्यांना ऐकू जातं आणि गाणाऱ्याचा सूर हलतो. ओळ जिथे टेकते, तो सूर मनात धरा आणि अगदी हळू गुणगुणा. मग भाता जेमतेम हलवून एकच पट्टी दाबा. तुमच्या गुणगुणण्याशी ती जुळली की पट्टीचं नाव मिळालं. आता हा सूर सा आहे का, एवढंच उरतं.

बहुतेक ध्रुवपदं सावर टेकतात, पण काही पंचमावर टेकतात आणि तिथेच फसगत होते. मी पंचमाला सा समजले की ओळीचा शेवट घरी येण्याऐवजी सारखा माझ्या मध्यमावर जाऊन बसायचा. ही खूण लक्षात ठेवा. तुम्ही धरलेल्या पट्टीचा मध्यम वारंवार विसाव्याची जागा होत असेल, तर तोच खरा सा आहे, पेटी तिकडे न्या. पखवाज किंवा तबला साला लावलेला असेल तर त्याची एक थाप ऐकूनही खात्री होते. आमचे पखवाजवाले दादा आता माझ्याकडे बघून एक मोकळी थाप देतात.

बायका-पुरुष एकत्र असतील तर आधीच बोलून घ्या. पुरुष काळी एकला आणि बायका काळी चारला गाणार असतील तर बायकांचा सा हा पुरुषांचा पंचम होतो. मध्येच कुणाची पट्टी बदलली की हे नातं मनात तयार असलं पाहिजे, त्या वेळी मोजत बसलं तर ओळ निघून जाते.

आठवणीतला सा

परफेक्ट पिच नसलं तरी सुराची आठवण प्रत्येकात थोडी असते. डॅनियल लेविटिन या संशोधकाने 1994 साली 46 विद्यार्थ्यांना त्यांची आवडती गाणी आठवणीतून गायला लावली. दोन गाण्यांपैकी निदान एक नेमक्या मूळ पट्टीत गाणारे सुमारे 40 टक्के निघाले. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला असं काही येतं याची कल्पनाही नसणार.

ही आठवण वाढवायची रीत साधी आहे. सकाळी पेटी उघडण्याआधी, कुठलाही सूर कानावर पडण्याआधी, आपला सा लावा. मग पेटीवर तपासा आणि वहीत लिहा: किती पट्ट्या वर, किती खाली. पहिल्या महिन्यात मी दोन-तीन पट्ट्या खाली असायचे. सकाळी आवाज जड असतो आणि आपण घशाच्या सोयीवर जातो, म्हणून खाली जाणं स्वाभाविक आहे. हळूहळू घशातल्या ताणावरून नाही तर कानातल्या आठवणीवरून सा लागायला लागला. आज आठवड्यात चार-पाच दिवस मी नेमकी काळी चारवर असते, उरलेले दिवस एका पट्टीने खाली. सर्दी झाली की हा प्रयोग करू नका, कान बंद असतो आणि वही खोटं बोलते.

एकदा हा एक सूर पक्का झाला की काकूंचा गजर सोपा होतो. त्यांचा सा ऐकला की माझ्या साशी त्याचं नातं कळतं. एक पट्टी खाली असेल तर पांढरी पाच, त्याच्याही खाली एक काळी पट्टी सोडून गेला तर पांढरी चार. परफेक्ट पिचवाल्याला जे आयतं मिळतं, त्याच्या शेजारच्या दाराने आपण पोचतो.

शेवटचं काम मंडळासाठी. दिंडीत पेटी नसते तेव्हा सगळ्यांचा सूर हळूहळू खाली सरकतो. निघताना फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा, घरी आल्यावर पहिला आणि शेवटचा सा पेटीवर लावून बघा. गेल्या कार्तिकीला आम्ही काळी चारवर निघालो आणि देवळात पोचलो तेव्हा पांढरी पाचवर होतो. या वर्षी मी मध्यभागी चालणार आहे.